साबण घेतलात का?

शादलीनं शाम्पूची तिसरी बाटली डोक्यावर उपडी केली आणि टाळू खसाखसा चोळली. फेसाचा पत्ता नाही.

बाटली अंगठ्याएवढी, झाकण सोनेरी, अंगावर वळणदार अक्षरांत 'समुद्राची झुळूक'. त्यानं चौथी उघडली. मग पाचवी. सहावीही रिकामी झाली, तेव्हा तो तिच्याकडे असा बघत राहिला, जसा बाप पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे बघतो. अकरा वर्षं तो असल्या बाटल्या हॉटेलांना विकत होता. स्वतःच्या डोक्याला मात्र आज पहिल्यांदाच लावत होता. घरी बायकोचा हिरवा साबण असायचा आणि दौऱ्यावर तो हम्मामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात जायचा. पण महदिया शहरातल्या या गल्लीतला हम्माम दुपारी बायकांचा. आणि पाच वाजता त्याला किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात, खरेदी बघणाऱ्या रफीका मॅडमसमोर उभं राहायचं होतं.

ट्युनिसहून निघताना कंपनीच्या मालकाचा मुलगा सी मुराद, म्हणजे मुरादसाहेब, अगदी गोड आवाजात म्हणाला होता, "हा सौदा झाला तर उत्तमच. नाही झाला तर सी शादली, तुम्ही आता घरी आराम करा."

पेन्शनला तीन वर्षं उरलेल्या माणसाला 'आराम' हा शब्द कसा लागतो, हे मुरादला माहीत नसावं. किंवा चांगलंच माहीत असावं.

शादलीनं डोळ्यांवरचं पाणी पुसून आरशात पाहिलं. त्याचे केस पांढरेशुभ्र. हबीबा, त्याची बायको, कापसाचं बोंड म्हणायची. त्या कापसात कुणीतरी सढळ हातानं नीळ ओतली होती.

डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यानं मुरादला फोन लावला.

"त्यात शाम्पू कुठून येणार?" मुराद हसला. "रंगाचं पाणी आहे ते. खरा शाम्पू उन्हात पिवळा पडतो, बाटली आजारी दिसते. नमुना बघायला असतो, लावायला नव्हे! तुम्ही लावलात की काय?"

"छे छे." टॉवेलातून एक निळा थेंब निघून शादलीच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. "सहज विचारलं. आणि मॅडमनी बाटली उघडायला सांगितली तर?"

"उघडू द्यायचीच नाही. अकरा वर्षांत काय शिकलात मग?"

फोन बंद झाला. शादली जिना उतरला.

खाली अंगणात मन्नूबिया मावशी लाल मिरच्या उन्हात पसरत होती. आठ खोल्यांचं हे हॉटेल तिचं एकटीचं. नवरा गेल्यापासून मालकही तीच आणि झाडूवालीही तीच. कोपऱ्यात तिचा भाऊ हमीदा जाळं विणत असल्याचं सोंग करून कॉफी पीत बसला होता. मासेमारी सोडून त्याला सहा वर्षं झाली होती, जाळं अजून तेच होतं.

दुपारी शादली आला, तेव्हा मावशीनं टेबलावरचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला होता. "साबण म्हण, कंगवा म्हण, काय हवं ते यातून घे बाळा. लहान हॉटेल आहे. इथं आधीचा माणूस जे ठेवून जातो, तेच पुढच्याला मिळतं."

शादलीनं डोकावून पाहिलं होतं. पोट आत गेलेली टूथपेस्ट, तीन दात पडलेला कंगवा, कुणा लिबियन पाहुण्याचं तळाला गेलेलं अत्तर, इस्तंबूलच्या कुठल्याशा हॉटेलातून पळवलेली अंघोळीची टोपी आणि झिजून चपट्या झालेल्या साबणाच्या चार वड्या. शादलीला हसू आवरलं नव्हतं.

"मावशी, ज्याचं मिठाचं दुकान, त्यालाच मीठ वाढताय?"

हे वाक्य त्याचं पाठ होतं. दर दौऱ्याला निघताना हबीबा दारात विचारायची, "साबण घेतलात का?" आणि तो हेच ऐकवायचा. ती पुढं काही बोलायची नाही.

आता मात्र त्याच डब्यासमोर येऊन त्यानं टॉवेल काढला.

मावशीच्या हातातली मिरची खाली पडली. हमीदानं पेला खाली ठेवला, शांतपणे उठला आणि शादलीभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"अगं मन्नूबिया, आपल्या निळ्या दरवाज्याचा रंग उडालाय म्हणत होतीस ना? सापडला बघ."

"तू गप रे! बाळा, हे काय करून घेतलंस?"

"माझाच माल लावला, मावशी."

"लोकांना विकतोस तो?"

शादलीनं मान खाली घातली. तेवढ्यानं आणखी दोन निळे थेंब फरशीवर पडले.

मावशीनं डब्यातली सगळ्यांत जाड वडी उचलली, त्याला नळाखाली बसवलं आणि पातेलं घासावं तसं डोकं घासलं. फेस मात्र झकास आला. फेस उतरला, तेव्हा निळ्याचा हिरवा झाला होता.

"प्रगती आहे," हमीदा म्हणाला. "अजून एकदा धुतलं की पिवळा येईल. मग लिंबू म्हणून बाजारात बसवू याला."

"मावशी, पाच वाजता माझी भेट आहे." शादलीचा आवाज बारीक झाला. "ती हुकली तर माझी नोकरी गेली."

मावशीनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग घरात गेली आणि फडक्यात बांधलेली मातीची ढेकळं घेऊन आली. करड्या रंगाची तफल, बायका हम्मामात केसांना लावतात ती. वाडग्यात ढेकळं फोडून तिनं त्यांवर संत्र्याच्या फुलांचं पाणी ओतलं.

"धाकटीच्या लग्नातली उरलीय. नवरीच्या केसांची माती आहे ही. आजवर कुठल्या पुरुषाच्या डोक्याला लागली नाही."

"हिचा नवरा टकला होता," हमीदानं खुलासा केला.

मावशीनं माती थापली. थापताना एक हात तिनं त्याच्या कपाळावर आडवा धरला, ओघळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून. सत्तावन्न वर्षांच्या शादलीनं डोळे मिटले. असा हात कपाळावर धरायची त्याची आई, आणि तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मग तो तासभर उन्हात बसला, मिरच्यांच्या शेजारी. माती वाळत गेली, डोक्याचं मडकं होत गेलं. एक मांजर येऊन मडकं हुंगून गेलं. हमीदानं जाळ्यातली एक गाठ सोडवली आणि परत घातली. चार वाजता मावशीनं माती धुतली, टॉवेलनं खसाखसा पुसलं आणि दोन पावलं मागं सरकून बघितलं. कापसाचं बोंड परत आलं होतं.

"अल्लाचे उपकार," मावशी म्हणाली.

"आणि हे?" हमीदानं शादलीचा डावा कान पुढं वाकवला. कानामागं नाण्याएवढा निळा डाग. तो काही केल्या हलेना. साबण झाला, माती झाली, मावशीची नखंही झाली.

हमीदानं खिशातून मोगऱ्याच्या कळ्यांचा छोटा गुच्छ काढला, आत्ताच गल्लीतल्या विक्रेत्याकडून घेतलेला, आणि शादलीच्या डाव्या कानावर असा खोचला की डाग पार झाकला गेला.

"डाव्या कानावर?" शादली दचकला. "म्हणजे मी बायको शोधतोय म्हणतील लोक! लग्न झालेला माणूस उजव्या कानावर लावतो."

"मग डाग उजवीकडे पाडायचा होतास. डाग तुझा, आणि दोष माझ्या मोगऱ्याला?"

"मावशी, मातीचं काय द्यायचं?"

"नवरीचं कधी घेतात का? असलं तर टाक काहीतरी डब्यात. नसलं तर राहू दे. आधी पळ."

रफीका मॅडमच्या खोलीत कोपऱ्यात एक बेसिन होतं आणि त्यावर स्वच्छ टॉवेल टांगलेला होता. शादलीनं पेटी उघडून बेचाळीस बाटल्या ओळीनं मांडल्या. मॅडम त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. चष्म्यावरून त्या त्याच्या कानाकडे बघत होत्या.

"सी शादली, आधी शाम्पूचं बोलायचं की स्थळाचं? आधीच सांगते, मला चार नातवंडं आहेत."

शादलीचे दोन्ही कान लाल झाले. एक लाल आणि एक बहुधा जांभळा. मॅडमनी ओळीतली एक बाटली उचलली आणि बेसिनचा नळ सोडला.

"या. जरा हात धुऊन दाखवा."

अकरा वर्षांत शिकलेली सगळी उत्तरं त्याच्या जिभेवर हजर झाली. मॅडम, झाकण एकदा उघडलं की सुगंध उडतो. मॅडम, ही प्रदर्शनाची आहे, ताजी मागवतो. तोंड उघडलं तोच त्याच्या केसांतून संत्र्याच्या फुलांचा वास आला, आणि कपाळावर आडवा धरलेला तो ओला हात आठवला.

त्यानं कानावरचा मोगरा काढून टेबलावर ठेवला आणि मान वळवली.

"उघडू नका, मॅडम. आत रंगाचं पाणी आहे. हा बघा पुरावा."

मॅडम वाकल्या. नळ तसाच वाहत राहिला. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की खुर्ची शोधून बसावं लागलं. डोळे पुसत त्यांनी खण ओढला. आत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार बाटल्या होत्या.

"या महिन्यात चार जण आले. चौघांनी इथं हात धुतले. चौघांनाही फेस आला नाही. आणि चौघं काय म्हणाले माहितीये? तुमच्या हॉटेलचं पाणी खराब आहे." त्यांनी कागद पुढं ओढला. "तीनशे बाटल्या. खऱ्या. पहिली पेटी तुम्ही स्वतः घेऊन यायची आणि या बेसिनवर माझ्यासमोर डोकं धुवायचं. फेस आला तर वर्षाचा करार."

"आणि नाही आला तर?"

"तर मग तुमचं डोकं इतकं पांढरं कुणी धुतलं, तो पत्ता देऊन जा."

बाहेर पडल्यावर शादलीनं मोगरा पुन्हा खोचला. या वेळी उजव्या कानावर.

ट्युनिसच्या सातच्या शेअर टॅक्सीला अजून वेळ होता. खोलीत येऊन तो सामान भरायला बसला, पण मन डब्यात अडकलेलं. डब्यात टाकायला त्याच्याकडे होतं काय? बेचाळीस बाटल्या रंगाचं पाणी. कंगवा तरी टाकावा म्हणून त्यानं बॅगेचा बाजूचा कप्पा चाचपला. या कप्प्यात तो कधी हात घालत नसे. हाताला वर्तमानपत्राची पुडी लागली.

आत हिरव्या साबणाची अख्खी वडी होती. वाळून लाकडासारखी झालेली, कोपरे मात्र अजून धारदार. वर्तमानपत्र अकरा वर्षांपूर्वीचं, घड्यांवर विरलेलं. पुडीला बांधलेला दोरा तेवढा कोरा होता, याच दौऱ्याला निघताना बदलल्यासारखा.

तो बराच वेळ तो दोरा बोटाला गुंडाळत बसला. मग खाली येऊन त्यानं वडी डब्यात ठेवली, सगळ्यांत वर. कागद घडी घालून खिशात टाकला.

"साबण होता तुझ्याकडे?" हमीदानं विचारलं.

"होता."

हमीदानं तोंड उघडलं, मावशीकडे बघितलं आणि जाळं हातात घेतलं. मावशीनं चिमूटभर तफल कागदात बांधून शादलीच्या हातात ठेवली. त्यानं वाकून तिच्या डोक्यावर ओठ टेकले.

टॅक्सीत सात माणसं होती, आठव्याची वाट बघत होती. शादलीनं घरी फोन लावला.

"हबीबा, साबण संपला."

पलीकडे भांडी विसळल्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला.

"कुठला?"

"कप्प्यातला."

ती म्हणाली, "बरं. नवा ठेवते." आणि मग, "फेस आला का नीट?"

शादलीचा हात आपसूक डाव्या कानामागं गेला.

"खूप," तो म्हणाला.