दोन विटांनी ताणलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते ती नव्हे. तीन मीटर लांबीची, झाडांचा घेर मोजणारी. उष्ण प्रदेशातल्या जंगलांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन संस्थेत माझी बावीस वर्षं गेली.

संस्थेमागच्या जंगलात दोनशे झाडं राखून ठेवली आहेत. प्रत्येकावर पत्र्याचा नंबर आणि छातीएवढ्या उंचीवर पिवळा पट्टा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर मला गुंडाळायचं आणि आकडा वहीत लिहायचा. झाड वर्षभरात जेमतेम बोटभर जाड होतं, तेव्हा हे काम उतावळ्या माणसाचं नाहीच. आमचे मोजणीदार दोनदा बघून मगच आकडा बोलायचे. सगळे त्यांना फूटपट्टीमामा म्हणत, आणि त्याचा त्यांना रागही नव्हता.

मुंग्या, डिंक, कोळिष्टकं, सगळ्यांतून मी फिरले. पण माझे लाडही तसेच होते. मोजणीच्या आधी मामा मला घरी नेत, साबणानं धूत आणि सावलीत पसरून वाळवत. मामी म्हणायच्या, "अहो, घरातली चादर कधी धुतलीत अशी?"

गेल्या वर्षीची मोजणी मामांची शेवटची होती. निवृत्तीला महिना उरला होता. माझ्यावर एकही सुरकुती नको म्हणून त्यांनी मला ओलीच दोरीला टांगलं आणि खाली दोन विटा बांधल्या. माझा जीव कासावीस झाला, पण सांगणार कुणाला?

मोजणी संपली. आकडे पाहून संस्थेच्या मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मामा, त्रेसष्ट नंबर गेल्या वर्षी एकशे बेचाळीस सेंटिमीटर होतं. यंदा एकशे चाळीस?"

"मी नीट मोजलंय, बाई."

"उन्हाळ्यात झाड केसभर आक्रसतं. दोन सेंटिमीटर नाही. यंदाचं असं, तर मागच्या बावीस वर्षांवर तरी भरवसा कसा ठेवू?"

मामांचा चेहरा उतरला. बढती हुकली तेव्हाही त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं, पण त्या वह्या खोट्या ठरणार हे त्यांना सोसेना. घरी जेवताना ते पुटपुटले, "झाडं बारीक कशी होतील?"

"झाडं कशाला होतील? तुमची टेप लांबली असेल," मामी वाढता वाढता म्हणाल्या. "ओल्या कापडाला दोन विटा बांधल्यावर ते काय आखडणार आहे?"

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! सकाळी मामांनी मला प्रयोगशाळेतल्या पोलादी पट्टीशेजारी ठेवलं. माझा मीटर पट्टीच्या मीटरपेक्षा दोन सेंटिमीटर लांब भरला. म्हणूनच मी प्रत्येक झाडाचा घेर कमी दाखवत होते. टेप जुनी झाली, असं म्हणून मामांना सगळं माझ्या माथी मारता आलं असतं. पण ते सगळ्यांसमोर बाईंना म्हणाले, "टेपचा दोष नाही. मीच ताणली." मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग दोनशेच्या दोनशे झाडं पोलादी टेपनं पुन्हा मोजली. वही स्वतः बाईंनी धरली. त्रेसष्ट नंबर एकशे त्रेचाळीस भरलं. बावीस आकड्यांच्या ओळीत तेविसावा आकडा मुकाट जाऊन बसला.

"मामा," बाई म्हणाल्या, "पुढच्या मोजणीलाही या. नव्या माणसांना शिकवायचंय."

आता मी खणात सुखात आहे. जंगलात मला कुणी नेत नाही. पण नवी माणसं आली की मामा मला बाहेर काढतात, पट्टीशेजारी पसरतात आणि म्हणतात, "हिच्यावर माझा फार जीव. म्हणून मी हिला कधी तपासलंच नाही."

मित्रांनो, तुमच्या कामाच्या वस्तू जिवापाड जपा. पण अधूनमधून त्यांना पट्टीला लावूनही बघत जा. आम्हाला त्याचा राग येत नाही.