कोटीचा नवस

लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि मोठ्या संख्यांची नावं हा माझा मिरवायचा विषय. लक्ष म्हणजे खूण, नेम. कोटी म्हणजे धनुष्याचं टोक. अब्ज, पद्म ही कमळं, जलधी म्हणजे तर अख्खा समुद्र. आणि खर्व म्हणजे ठेंगू! एवढ्या अवाढव्य आकड्याला ठेंगू कुणी म्हटलं असेल, असं विचारून मी पोरांना हसवायचो. बहात्तरच्या दुष्काळात शाळेचा रांजण कोरडा ठणठणीत असतानाही मी जलधी शिकवला. असला मी शहाणा.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या जगदेवीअक्काची शिवगंगा पटकीनं मरायला टेकली. दहा वर्षांची एकुलती पोर, बाप आधीच गेलेला. अक्का माझ्या दारात आली.

"गुरुजी, महादेवाला नवस बोलायचाय. लाखाच्या वर काय असतंय?"

गावात लोक लाख जपाचे नवस बोलत होते, तिला लाख कमी वाटत होता. मी नुसतं 'दहा लाख' म्हणून गप्प बसायचं की नाही? पण मी परार्धापर्यंतची सगळी शिडी घडाघडा म्हणून दाखवली. तिला त्यातला ऐकलेला वाटला तो कोटी. ॐ नमः शिवाय कोटी वेळा म्हणीन आणि ते पुरं होईस्तोवर मुरुडची शीव ओलांडणार नाही, असं ती बोलली. पोर वाचली. कोटीत शंभर लाख असतात हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दहा वर्षं अक्का रोज दहा माळा ओढत होती. माळेमागे एक चिंचोका, वर्षाचं एक गाडगं. शिवगंगा लग्न होऊन निलंग्याला गेली, पण अक्कानं लेकीचं सासर कधी पाहिलं नाही.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी शिवगंगेला कावीळ झाली आणि तिला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. तिच्या नवऱ्याचा, विरूपाक्षचा, निरोप आला, आईला लगेच आणा. अक्कानं दहाही गाडगी माझ्या ओसरीवर आणून मांडली.

"मोजा गुरुजी. झालं असंल आता."

मी एक गाडगं मोजलं आणि गुणाकार केला. "एकोणचाळीस लाख बेचाळीस हजार," तोंडातून निघून गेलं. मग जीभ चावली, पण तोवर तिनं विचारलंच, किती राहिले. साठ लाख अठ्ठावन्न हजार. म्हणजे आणखी पंधरा वर्षं.

"अक्का, कोटी म्हणजे शेवटी टोकच. तुमचं टोक आलं. चला!"

मठातल्या जंगमांनीही समजावलं, महादेव माफ करतो. ती हलेना.

"म्या शीव ओलांडली अन् लेकीचं काय झालं, तर म्याच मारली म्हणा की."

मी तिच्यावर ओरडलो. खरा राग मला माझाच आला होता. शेवटी एसटीनं एकटाच गेलो.

शिवगंगा हळदीसारखी पिवळी झाली होती. तिनं माझ्या मागं दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"किती ऱ्हायलंय आईचं?"

इथं तरी खोटं बोलायचं होतं. तेही जमलं नाही, आकडा सांगितला. ती जरा हसली.

"घरच्याचं बी चालतंय म्हणत्यात. माझं धरा त्यात, गुरुजी."

डोळे मिटून ती ॐ नमः शिवाय म्हणायला लागली. साठ लाखांतले एक, दोन, तीन मी बोटांवर मोजत बसलो. मोजण्याखेरीज मला येत काय होतं? विरूपाक्ष भिंतीला टेकून रडत होता. दुपारपर्यंत एक्केचाळीस झाले. बेचाळिसावा मधेच थांबला.

संध्याकाळी परत आलो तेव्हा अक्का शिवेच्या दगडाशी, गावाच्या बाजूला उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं. ती खाली बसली.

"एक्केचाळीस म्हटले तिनं," मी सांगितलं. "तुमच्यात धरायला सांगितलंय. बेचाळिसावा अर्धा राहिला."

"कुठवर आली व्हती?"

"ॐ नमः."

अक्का कितीतरी वेळ लातूरच्या रस्त्याकडे बघत राहिली. मग "शिवाय" म्हणाली आणि तिनं माळेचा एक मणी पुढे सारला.