कणकेच्या गोळ्यातला केस

"निकल! निकल बाहर!" मोतीराम महाराज किंचाळला आणि कणकेचा गोळा प्रेरणाच्या पोटावरून गरागरा फिरवू लागला. सोनाळ्याच्या शाळेमागच्या पारावर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. महाराजाची मराठी माणसांपुरती. भुताशी बोलायचं म्हटलं की हिंदीच. त्यानं गोळा फोडला. आत केसांचा गुंता!

"अरे बाप्पा!" बाया मागे सरल्या.

"बाई आहे. मागच्या दारानं येते, पोरीच्या पोटात केस भरते," महाराज म्हणाला. "नाव मी घेत नाई. देवाची मनाई आहे."

नाव घ्यायची गरजच नव्हती. प्रेरणाचा बाप भागवत, त्याच्या मागच्या दाराला लागून एकच घर होतं, विधवा चुलती कोकिळाबाईचं. लेक आठवडाभर ओकत होती आणि भागवतचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते ठिकाणावर असतं तर त्यानं तिला दवाखान्यात नेलं असतं. त्यानं काकूला झिंज्या धरून ओढत आणलं आणि निंबाला बांधलं. त्याची पहिली लाथ तिच्या बरगडीत बसली.

"भागवत, माह्या हातानं न्हाऊ घातलं रे तुले!"

मग काठ्या आल्या, चपला आल्या. तिचा ओठ फाटला, एक दात मातीत पडला. कुणी तरी मोटारसायकलमधून पेट्रोलची बाटली भरून आणली.

"थांबा!" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शैलजा मॅडम गर्दीत घुसल्या. एक काठी त्यांच्याही खांद्यावर बसली. त्या कोकिळाबाईच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. पोलिसांना फोन केला होता, पण जीप यायला वेळ होता आणि तो कसाही काढायचा होता. "आधी केस तपासू. तिचा निघाला तर मी बाजूला होते."

"तपासायचं काय त्यात?" महाराज गुरकावला.

"का, घाबरलात महाराज?"

"दाखवू द्या ना मॅडमले!" लोकच ओरडले.

मॅडमनी जागा न सोडता एका विद्यार्थ्याकरवी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक मागवला, पारावर मांडला आणि त्याचा आरसा उन्हाकडे वळवला. काकूचे उपटलेले केस अजून भागवतच्या मुठीत होते. त्यातला एक काचेवर ठेवून त्यांनी वर खोबरेलाचा थेंब टाकला. "बघ."

भागवतनं डोळा लावला.

"मधोमध बारीक, तुटक रेघ आहे ना? माणसाच्या केसात ती अशीच असते, कधी नसतेही. टोकाची पांढरी गाठ म्हणजे मूळ. तू उपटलास म्हणून ते आलं. आता गोळ्यातला बघ."

"याच्यात... मधात जाड पट्टा हाय. जाळीवानी. अन् टोक सरळ, कात्रीनं कापल्यावानी."

"मग तो माणसाचा केसच नाही. एवढी रुंद जाळी बकरीच्या जातीत असते."

सगळ्यांच्या माना पाराला बांधलेल्या नवसाच्या बोकडाकडे वळल्या. गर्दीतल्या रुखमाबाईनं त्याची हनुवटी वर केली. "अर्धी दाढी कापली बे याची!" तिनं महाराजाची झोळीही उपडी केली. केस भरून ठेवलेले आणखी दोन गोळे घरंगळले. लोकांसमोर एक गोळा मळायचा, मंत्र पुटपुटत तो झोळीत सोडायचा आणि दुसरा काढायचा, एवढीच महाराजाची विद्या.

त्याच काठ्या आता महाराजाच्या डोक्यात पडल्या. मॅडम पुन्हा आडव्या आल्या. "यालाही मारू नका! कायदा आहे त्याच्यासाठी." तेवढ्यात जीप आली.

भागवतनं काकूचा दोर सोडला. "काकू, चुकलो वं. केस तुहा नोता."

कोकिळाबाई रक्त थुंकली. "अन् माहा असता तं? मंग जाळलं असतं मले?"

 'तिचा निघाला तर मी बाजूला होते' म्हणालेल्या मॅडमनी मान खाली घातली.

"पोटातला केस चामडीतून कणकेत येते कसा," कोकिळाबाई म्हणाली, "हे काऊन नाई इचारलं एकानंही?"

कोकिळाबाईला आणि प्रेरणाला मॅडमनी दवाखान्यात नेलं. पोरीला साधी कावीळ निघाली, उपचारानं ती बरी झाली. भागवत मात्र महाराजाच्या शेजारी जीपमध्ये बसला, मारहाणीच्या गुन्ह्यात. सूक्ष्मदर्शक काही गावोगावच्या पारावर नसतो. पण कोकिळाबाईचा 'कसा?' हा प्रश्न विचारायला तो लागतच नाही. काठी उचलण्याआधी तो प्रश्न विचारा.