एकोणीसनंतर दोन

नामदेवशेठांचा निरोप स्पष्ट होता: व्यापाऱ्यांचा क्रम सुधारा, नाहीतर करार संपला. तुर्भ्यातलं त्यांचं कोल्ड स्टोरेज हेच वाशीतल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं शेवटचं गिऱ्हाईक. करार गेला की कंपनी बंद, आणि तिथे उरलेली एकमेव प्रोग्रॅमर गीतांजली घरी.

चूक जुनी होती. व्यापाऱ्यांचे खाते क्रमांक आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून साठवलेले, शब्दकोशातल्यासारखे पहिल्या अक्षरावरून लागणारे. त्यामुळे यादीत एकनंतर दहा, अकरा करत एकोणीस, आणि मग दोन. त्याच क्रमावर जुना इंडेक्स, म्हणजे माल शोधायची सूची, उभा होता आणि माल शोधणारी सगळी यंत्रं त्यावर चालत. गीतांजलीने त्याला हात लावला नाही. शेजारी आकड्यांचा रकाना करून त्याचा वेगळा इंडेक्स बांधला. सोमवारी एक, दोन, तीन असा क्रम सरळ उमटला. एकही यंत्र अडलं नाही.

दुपारी माल काढणाऱ्यांचा मुकादम, सारसोळ्याचा धनेश, याचा फोन आला.

"ताई, काय केलंत वो? पोरं आत धावून गारठली."

"क्रम बरोबर केला, धनेशदादा."

"तुमचा बरोबर. चिठ्ठीवर एकोनीसच्या मागं दोन छापून यायचा, म्हनून रॅकपन तसेच लावलेत आमी. आता चिठ्ठीत एकच्या मागं दोन; पन एक दाराशी, दोन पार मधी. दार उघडंच राहतंय. कोलंबीचा बर्फ सुटाय लागलाय."

"पण तक्रार तर शेठनीच केली होती."

"शेठ आत कवा आलेत? थंडी वाजते त्यांना!"

तिने शेठना फोन लावला. तुमच्या पडद्यावर नवा क्रम ठेवू, धनेशच्या चिठ्ठीवर जुना; दोन्ही इंडेक्स तयारच आहेत, म्हणाली.

"एका मालाचे दोन क्रम? मॅडम, हे चूक झाकणं झालं."

"मग रॅक बदलावे लागतील."

"ऐन हंगामात? माल काय रस्त्यावर ठेवू? जुनं होतं तसं करा. पुढच्या महिन्यापासून तुमचं काम दुसरी पार्टी बघेल."

गीतांजलीने नवा इंडेक्स काढला, मग रकाना. तेही बिनबोभाट झालं.

संध्याकाळी धनेशचा पुन्हा फोन. "झ्याक झालं ताई! आता कुनाला हात लावू देऊ नका."

"माझ्या हातात नाही ते, दादा," ती म्हणाली. नवे लोक पहिल्या दिवशी हाच क्रम सुधारायला घेणार होते.