तारखेची जागा

कपाटाची किल्ली अर्ध्यावर फिरून अडकली, तेव्हा देवकीबाईंना बरंच वाटलं. तेवढीच आणखी दोन मिनिटं मिळाली. पण रामाजी शिपाई दारातच उभा होता. त्यानं पुढे येऊन दाराला खालून गुडघा लावला आणि ते लोखंडी कपाट कुरकुरत उघडलं.

“जरा दाबा लागते, बाई,” तो म्हणाला. “आनंदराव सरांच्या टायमापासूनची सवय हाय त्याले.”

तो गेल्यावर बाईंनी मधल्या कप्प्यातून जाड तपकिरी लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. लिफाफ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यात काय आहे हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे लिहिण्याची गरजही नव्हती. आत बावीस राजीनामे होते.

या शाळेत नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत त्याच्याच राजीनाम्यानं होई. पहिल्या दिवशी हार नाही, चहा नाही. ऑफिसात बोलावून एक कागद पुढे केला जाई. ‘घरगुती अडचणींमुळे मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ खाली सही करायची आणि वर्गावर जायचं. उजव्या कोपऱ्यात तारखेची जागा मात्र कोरी. कधी कुणाची वागणूक संस्थेला पटेनाशी झाली, किंवा संस्थेला त्याच्या जागेची गरज पडली, की त्या कोऱ्या जागेत एक तारीख येई आणि माणूस स्वखुशीने घरी जाई. एरवी सगळे हसतखेळत नोकरी करत.

देवकीबाई स्वतः त्रेसष्ट साली लागल्या तेव्हा त्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. आनंदराव सरांनी मजकूर सांगितला आणि त्यांनी शाळकरी सवयीनं आधी वर तारीखच लिहिली. सरांनी तो कागद घेऊन शांतपणे फाडला आणि दुसरा पुढे केला. “तारीख नको. ती आम्ही टाकू.” पण त्या फाटलेल्या कागदावरचं अक्षर सरांच्या नजरेत भरलं. पुढच्या वर्षीपासून येणाऱ्या प्रत्येकाचं पत्र लिहायचं काम बाईंकडे आलं. अक्षर सुरेख, ओळ सरळ, खाडाखोड नाही. दहा वर्षांत त्यांनी तीसेक माणसांच्या घरगुती अडचणी लिहिल्या आणि दर वेळी सर म्हणाले, “बाई, छापल्यासारखं झालं.” याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटायचा. आता तो आठवला की कानशिलं तापत.

काल दुपारी संस्थेचे सचिव भैय्याजी येऊन गेले होते. मार्चच्या उन्हात पायी आले, माठातलं दोन पेले पाणी प्याले आणि मगच बोलायला लागले. भैय्याजी कधी आवाज चढवत नसत. त्यांना त्याची गरजही पडत नसे.

“आपल्या शाळेत गणिताचे ते शालिकराम मास्तर. जूनमध्ये दोन वर्सं भरते न त्यांचे?”

“हो. सव्वीस जूनला. मग ते कायम होतील.”

“तेच म्हणून राहिलो. आमचे जावई बीएस्सी, बीएड होऊन घरी बसून राहिले. पोरगी रोज रडते.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “मास्तर काही वाईट नाही. पण काढलं तं शिक्षण कार्यालय कारण विचारते. सोताहून गेला तं कोणी विचारत नाही. एकतीस मार्च टाकून द्या. सोमवारी मी येऊन घेऊन जाईन.”

“तुम्हीच टाका ना, भैय्याजी,” बाई म्हणाल्या होत्या. एवढं बोलायलाही त्यांना जोर लावावा लागला.

भैय्याजी हसले. “अक्षर तुमचं अन् तारीख माही? कार्यालयात बसलेले लोक आंधळे नाही, बाई. तुम्हाले हेडबाई केलं ते काय उगाच?”

हेच ते. गेल्या नोव्हेंबरात आनंदराव सर निवृत्त झाले, तेव्हा पत्राच्या प्रथेआधी लागलेली तीन ज्येष्ठ माणसं मागे ठेवून संस्थेनं देवकीबाईंना खुर्ची दिली. सगळ्या इंदोरा वस्तीत बोलबाला झाला. बाईंनाही वाटलं, दहा वर्षांच्या शिकवण्याचं चीज झालं. त्याच दिवशी भैय्याजींनी लिफाफ्यातून बाईंचं स्वतःचं पत्र काढून खिशात घातलं. मुख्याध्यापकाचं पत्र संस्थेच्या तिजोरीत असतं म्हणाले. तेव्हा बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. खुर्ची मिळाल्याच्या आनंदात माणसाला पुष्कळ गोष्टी वावग्या वाटत नाहीत.

आज गुरुवार होता. सोमवारपर्यंत थांबून काय होणार होतं? उलट रोज तो लिफाफा डोक्यात घेऊन घरी जायचं. लिहून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी कपाट उघडलं होतं.

शालिकराम ढोकेंचं पत्र सगळ्यात वर होतं. बाईंनी पेनचं टोपण काढलं. तीच निळी-काळी शाई, तेच पेन. तारखेच्या जागेवर नीब टेकवणार, तोच दारात चपला वाजल्या आणि त्यांनी हजेरीपट ओढून पत्रावर ठेवला.

शालिकराम मास्तरच होते. अंगावर खडूची पांढरी भुकटी, हातात कापडी पिशवी.

“बाई, गावाहून मिरच्या आल्या. भिवापूरच्या. सगळ्या स्टाफले वाटून राहिलो, तुमच्या राहिल्या होत्या.” त्यांनी पिशवी टेबलाच्या कडेला, हजेरीपटाला टेकवून ठेवली. “अन् एक विचाराचं होतं. मे महिन्यात नववीच्या पोरांचे सकाळचे तास घेतले तं चालन काय? बीजगणितात कच्चे आहेत लय. दहावीत गेल्यावर जड जाईन त्याहीले.”

“सुटीत गावी नाही जाणार?”

“नाही. इथं जवळच जरीपटक्यात खोली घेतली न. घरच्यांना घेऊन आलो. म्हटलं, जूनमध्ये कायम होऊनच राहिलो, तं आतापासूनच बिऱ्हाड लावावं.” ते हसले आणि मग जरा घुटमळले. “बाई, ते पहिल्या दिवशीचं पत्र. ते कायम झाल्यावर परत भेटते काय हो?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “इथंच राहतं.”

“मी तं वाचलंबी नव्हतं. तुमचं अक्षर पाहून सही केली. म्हटलं, एवढं नीट लिहिणारा माणूस आपलं वाईट काहून करन?”

ते सहज बोलून गेले. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. टोमणा असता तर बाईंना उत्तर देता आलं असतं.

“तास घ्या,” त्या म्हणाल्या.

मास्तर गेले. मिरच्यांचा तिखट वास नाकात गेला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच काही मिरच्यांचं नव्हतं.

त्यांना त्यांच्या बाबांची आठवण झाली. धोंडबा चाळीस वर्षं कापडाच्या गिरणीत मागावर उभे राहिले. छप्पन साली लाखोंच्या गर्दीत सोळा वर्षांच्या देवकीचं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं, की धम्मदीक्षा घेऊन घरी आल्यावरही त्यावर वळ होते. आता ते थकले. पण लेक मुख्याध्यापिका झाली त्याच आठवड्यात त्यांनी पत्र्याची पाटी रंगवून घेतली आणि दारावर ठोकली. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पाटी पुसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचायला लावतात. पाटी उतरली तर त्यांना काय सांगायचं? आणि जे तीन ज्येष्ठ मागे राहिले ते काय म्हणणार, तेही बाईंना अक्षरशः ऐकू येत होतं. यांना जमत नाही म्हणून आधीच सांगितलं होतं. एका बाईचं अपयश साऱ्या वस्तीच्या नावावर लिहिलं गेलं असतं.

लिहिलं तर शालिकराम जाणार. नाही लिहिलं तर भैय्याजींच्या तिजोरीतलं पत्र बाहेर येणार आणि नवा मुख्याध्यापक शालिकरामांना घालवणारच. मग आपण जाऊन मिळवलं काय? बाईंनी हा हिशेब रात्रीपासून दहा वेळा मांडला होता. दर वेळी उत्तर तेच आलं होतं, आणि दर वेळी ते उत्तर भैय्याजींच्या सोयीचं होतं.

त्यांनी हजेरीपट बाजूला केला. पत्र पुन्हा वाचलं. स्वतःच्याच अक्षरातला ‘स्वखुशीने’ हा शब्द त्यांना इतका देखणा दिसला, की त्यांना स्वतःचा राग आला. हे पत्र लिहिलं तो दिवस त्यांना स्पष्ट आठवत होता. शाळेचा पहिला दिवस, सोमवार. मास्तरांचा नवा सदरा, खिशाला अडकवलेलं पेन. पत्रात दुसरं काहीही खरं नसेल, पण लिहिलं ते त्या दिवशी, एवढं तरी खरं होतं.

मुलांना त्या रोज सांगत, ज्या दिवशी लिहाल त्या दिवसाची तारीख वर टाका.

बाईंनी पेन उचललं आणि उजव्या कोपऱ्यात नीट लिहिलं: दि. २६ जून १९७२.

शाई वाळायची होती, तेवढ्यात बाबाराव आत आले. बाबाराव म्हणजे शाळेचे कारकून. भैय्याजींच्याच चाळीत राहत. त्यामुळे त्यांच्या पुढ्यात सगळे हवापाण्यावर बोलत. शाळेत सकाळी शिंकलेलं भैय्याजींना संध्याकाळी कळतं, ते बाबारावांमुळे, असा सगळ्यांचा पक्का समज होता. त्यांच्याशी भांडण कुणाचंच नव्हतं आणि मैत्रीही कुणाची नव्हती.

“भैय्याजींनी पाठवलं,” ते म्हणाले. “सोमवारी बाहेरगावी जाऊन राहिले, म्हणून आजच येतो म्हणे अकरा वाजता. ढोके मास्तरचा कागद तयार ठेवा लागते.”

“तयार आहे.” बाईंनी पत्र त्यांच्याकडे वळवलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

बाबारावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

“तारीख चुकली, बाई.”

“नाही चुकली. सेवापुस्तिका काढून बघा.”

“ज्या दिवशी मास्तर लागले त्याच दिवशी राजीनामा?” बाबारावांचा आवाज खाली गेला. “हे कार्यालयात गेलं तं तिथं बसल्या जागी कळन, आपल्या इथं काय चालते ते. याचा तं काहीच उपयोग नाही आता.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

बाबाराव बाहेर गेले. बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. अर्ध्या तासानं जे व्हायचं ते आता त्याआधीच होणार, बाबाराव आता थेट चाळीकडे निघाले असतील. त्यांना भीती वाटली. खिडकीतून नववीचा वर्ग ऐकू येत होता. शालिकराम मास्तर कुणाला तरी फळ्यापाशी बोलावत होते.

दार पुन्हा वाजलं. बाबाराव परत आले होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांवर सेवापुस्तिकांची चळत होती, हनुवटीपर्यंत. त्यांनी ती जपून टेबलावर उतरवली, मिरच्यांची पिशवी खिडकीत ठेवली आणि दार लोटून घेतलं.

“मी तारखा वाचतो,” ते म्हणाले. “तुम्ही लिहा. लवकर होईन.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाबारावांनी नजर उचलली नाही. पहिली पुस्तिका उघडून, रोजचं जावक टपाल वाचावं तसं, ते वाचू लागले. नाव, नेमणुकीची तारीख. बाई पत्र शोधत, लिहीत, टिपकागद दाबत आणि पुढचं घेत. बाहेर रामाजीनं तासाची घंटा दिली.

शेवटचं पत्र लिफाफ्याच्या तळाशी होतं. कागद पिवळा पडला होता. बाईंनी लिहिलेलं ते पहिलं पत्र. त्यातलं अक्षर अजून थोडं बुजरं होतं.

“त्याची पुस्तिका नाही आणली,” बाबाराव म्हणाले. “सहा जुलै चौसष्ट. माही तारीख मले पाठ आहे.”

बाईंनी ती लिहिली. बाबारावांनी पत्र हातात घेतलं, तारखेवर हलकी फुंकर घातली आणि पुन्हा चळतीत सगळ्यात खाली ठेवलं.

“चाळ सोडा लागन तुम्हाले,” बाई म्हणाल्या. घरचं बोलणं त्यांच्या तोंडी कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही.

“लागन.” त्यांनी पुस्तिका सारख्या केल्या. “तुमचं पत्र?”

“भैय्याजींच्या तिजोरीत.”

बाबारावांनी क्षणभर विचार केला. “पण तेबी तुमच्याच हातचं न, बाई? मंग त्याच्यावरची तारीख तं त्याहीले सोताच टाका लागन. वेगळ्या अक्षरात.”

दहा वर्षांत पहिल्यांदा बाईंनी स्वतःच्या अक्षराकडे परक्याच्या असावं तसं पाहिलं. मग बावीस पत्रं लिफाफ्यात घातली, पेनचं टोपण लावलं.

अकराला पाच कमी असताना भैय्याजी आले. रामाजीनं पाणी दिलं. पहिला पेला संपवून त्यांनी हात पुढे केला.

“टाकली तारीख?”

“टाकली,” देवकीबाई म्हणाल्या आणि सगळा लिफाफा त्यांच्या हातात दिला. “सगळ्यांचीच टाकली.”

दुसरा पेला भैय्याजींनी तसाच टेबलावर ठेवला आणि चष्म्यासाठी खिसा चाचपू लागले.