आवाज येत नव्हता तोवर

दवाखान्याची तक्रार आठवडाभर पडून होती. तिच्या ऑफिसने बसवून दिलेल्या व्हिडिओ कॉलवर पेशंट दिसायचा, पण त्याचा आवाज डॉक्टरांपर्यंत पोहोचायचा नाही. ऑफिसात सगळ्यांनी हात वर केले आणि ते भिजत घोंगडं शेवटी तिच्या गळ्यात पडलं.

तिने दवाखान्याच्या सेटिंग्ज जशाच्या तशा उचलल्या आणि कॉल जोडून देणारा तोच सर्व्हर घरी, आपल्या लॅपटॉपवर, एका कंटेनरमध्ये चालू केला. कंटेनर म्हणजे लॅपटॉपच्या पोटात थाटलेला वेगळा संसार. आत कितीही मोडतोड केली तरी बाहेर कुणाला झळ लागत नाही. पण कॉल करायचा तर पलीकडे माणूस हवं. नवरा कामावर गेलेला. उरले सासरे.

सासऱ्यांची हयात छापखान्यात गेली. सासूबाई गेल्यावर ते इथे राहायला आले. बोलणं बेताचंच, चहा झाला, गोळी घेतली, एवढंच. तिने त्यांना मागच्या खोलीत बसवलं, आवाज घुमू नये म्हणून दार लावून घेतलं आणि फोनसमोर काहीही बोलत राहायला सांगितलं. तक्रार काय आहे तेही सांगितलं. तुमचा आवाज मला येणारच नाही, येईपर्यंत मी खटपट करत राहीन, म्हणाली.

सकाळ अशीच गेली. एक बदल करायचा, सर्व्हर पुन्हा चालू करायचा, हेडफोन लावून कान द्यायचा. पडद्यावर सासऱ्यांचे ओठ हलत होते, कानात काहीच नाही. तिची पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते. जेवणाच्या सुमारास लक्षात आलं, चित्राला कंटेनरमधून वाट होती, आवाजाची वाट कुणी उघडलेलीच नव्हती. चूक तिच्याच ऑफिसची. तिने एक ओळ बदलली.

"...लेकीकडे जाईन म्हणतो," कानात आवाज आला. "ही पोर दमते. तोंडाने बोलत नाही, पण दिसतं मला. सांगायचं कसं, तेवढं कळत नाही."

क्षणभर तिला कॉल बंद करावासा वाटला.

"बाबा, आवाज येतोय," ती म्हणाली.

ते फोनच्या जवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"आत्तापासून. लेकीकडचं ऐकलं."

ती उठून मागच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. राहा म्हणावं, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. पण ते नुसतं म्हणण्यापुरतं झालं असतं आणि त्यांना ते कळलंही असतं.

"तुम्हाला मनापासून जायचंय?"

"नातवंडं आहेत तिथे. मलाही करमेल."

तिने नणंदेला फोन लावून दिला. नणंद म्हणाली, मी कधीची बोलावतेय, बाबाच येत नव्हते. पुढच्या रविवारी नवरा त्यांना सोडून आला.

दवाखान्याची तक्रार ती ओळ बदलली त्याच दिवशी मिटली होती. साहेबांनी शाबासकीही दिली होती. मागची खोली रिकामी झाल्यावर तिला हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली. त्या दुपारी ती तिथेच आडवी झाली आणि गाढ झोपली.