चेरीखालचे मुटके

बाग एवढीशी, पण चेरीची झाडं जुनी. फुलं आली की सगळं ओकायामा शहर तिथे लोटायचं. चिहारुला फुलांचं काही पडलं नव्हतं. नवऱ्याची इथे बदली झाल्यापासून दोन वर्षांच्या नोनोकाला एकही सवंगडी मिळाला नव्हता, आणि बागेतल्या आयांच्या घोळक्याने आज पहिल्यांदाच बोलावलं होतं. इथे जमलं नाही तर पोरगी एकटीच पडणार.

बसायला अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीखालच्या मातीला कालच्या पार्टीवाल्यांनी सांडलेल्या बियरचा आंबूस वास होता. कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडत होते. पाकळ्या पडून माशांच्या काट्यांना चिकटल्या होत्या.

"या, नोनोकाची आई, लाजताय काय?" इबुकीची आई म्हणाली. घोळक्यात तिचाच शब्द चालायचा. तिने लेकाचं शेंबडं नाक चिमटीत धरून पुसलं, बोटं ताडपत्रीला घासली आणि भाताचा डबा उघडला. "भाताचे मुटके मी इथेच वळते, नुसत्या हाताने. हल्लीच्या पोरी प्लास्टिकच्या कागदात वळतात. त्याला काय चव?"

तिने त्याच हाताच्या तळव्यावर मीठ चोळलं, वर भात घेतला.

"खाऊन टाका," शेजारी बसलेली, छोट्या सोताची आई चिहारुच्या कानाशी पुटपुटली. "मागे एकीने नको म्हटलं. पुन्हा कुणी हाक मारली नाही तिला."

पहिला मुटका नोनोकापुढे आला. तिने हात पसरले.

"आधी मला द्या," चिहारु घाईने म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही."

"घ्या, लेकीपेक्षा आईच हावरट!" इबुकीची आई म्हणाली.

सगळ्या हसल्या. चिहारुनेही हसून घास घेतला. भात कोमट होता, अंगाच्या उबेसारखा. खारटपणा कशाचा, हा विचार आला. तिने न चावता गिळला. दुसरा घास. तिसरा. उरलेलाही तोंडात कोंबला.

"अय्या, बघा तरी," कुणीतरी म्हणालं.

मागे इबुकी आईकडून मिळालेला आपला मुटका नोनोकाला भरवत होता. एक घास त्याचा, एक तिचा. त्याचं नाक पुन्हा वाहून ओठांपर्यंत आलं होतं. नोनोका खदखदा हसत होती. ओकायामात आल्यापासून ती अशी हसलीच नव्हती.

चिहारु अर्धी उठली. इबुकीच्या आईचा हात भातात थांबला.

"जमली की जोडी," ती म्हणाली. नजर चिहारुवर होती.

चिहारु खाली बसली.

"हो," ती म्हणाली, आणि मळमळून तोंडात आलेलं पाणी तिने गिळून टाकलं.